दशम्या बांधून समुद्राला

आमच्या जानेफळात समुद्राबद्दल सगळ्यांत जास्त मला कळतं, असं मी लहानपणापासून छातीठोकपणे सांगत आले. समुद्र मी पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी. भरती कशी येते, ओहोटी कशी लागते, सुरूच्या बनात वारा कसा वाजतो, हे सगळं मला पाठ होतं आणि ऐकणारा सापडला की मी त्याला सहजासहजी सोडत नसे.

ही सगळी विद्या बाईंची. बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या माझ्या शिक्षिका. कोकणातल्या खाडीकाठच्या एका गावातून नोकरीसाठी त्या आमच्या गावी आल्या, शेजारच्या खोलीत बिऱ्हाड केलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. यजमान लवकर गेलेले, एकुलता मुलगा आमच्याच अंगणात वाढून पुढे मुंबईला नोकरीला लागलेला. मे महिन्यात त्या गावी जाऊन आल्या की माझ्यासाठी शिंपले आणि आईसाठी आमसुलं आणत. आई आमसुलं ठेवून घ्यायची आणि दरवर्षी तोच प्रश्न विचारायची.

"बाई, तुमी म्हनता पानी रोज मांग जाते. मंग जाते कुठी?"

बाई चंद्र-सूर्य सांगायच्या. आई मान डोलवायची, पण तिला ते पटलेलं नसायचं. आमच्याकडे पाणी एकदा गेलं की गेलं. नाल्याचं गेलं, विहिरीचं गेलं, पुढच्या मृगापर्यंत वाट बघा. रोज जाऊन रोज परत येणारं पाणी ही तिला थाप वाटत असे. आणि तरीही तिला ते बघायचं होतं. आयुष्यात हौस म्हणून तिने बाबांकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, पण भाकरी थापता थापता ती अधूनमधून म्हणे, "एकदा ते पानी मांग जाताना पाह्यलं पायजे."

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या आणि फंडाच्या पैशातून त्यांनी घरामागे दोन खोल्या बांधल्या. समुद्रावर येणाऱ्या लोकांना उतरायला. त्यांचा फोन आला तो पिंजारी चाचांच्या दुकानात. चाचांचं गाद्या भरायचं दुकान आमच्या समोरच होतं, आणि गल्लीतल्या सगळ्यांचे फोन तिथेच येत. बाई मला म्हणाल्या, "पावसाळा सरला, दसरा झाला की या. खोल्यांचे पहिले पाहुणे तुम्हीच." मी रिसीव्हर ठेवला आणि चाचांच्या पिंजलेल्या कापसाच्या ढिगात बसकण मारली. चाचा काही रागावले नाहीत. म्हणाले, "आता उठ वं, गिऱ्हाइकाची रजई हाय ते."

मी तेव्हा डी.एड.च्या पहिल्या वर्षाला होते, म्हणजे कापसात बसायचं वय नव्हतं. पण आनंद झाला की मला वयाचं भान राहत नाही, अजूनही राहत नाही.

त्यानंतर पाऊस आला. आमच्याकडे बरा आला, कोकणात असा आला की खाडी गावांत शिरली. चाचांच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीवर आम्ही गल्लीतले सगळे उभे राहून ते बघत होतो. कौलांपर्यंत तांबडं पाणी, त्यात वाहून जाणारी भांडी, एका गच्चीवर बसलेली माणसं. बाईंचं गाव त्यात होतं की नाही ते कळेना. फोन लागेना. आई रोज सकाळ-संध्याकाळ दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहायची आणि चाचा नुसती मान हलवायचे.

शेवटी फोन आला. बाई सुखरूप होत्या. माळ्यावर एक रात्र काढली, म्हणाल्या. घरात छातीएवढं पाणी होतं, नव्या खोल्यांतही. गाद्या, पलंग, धान्य, सगळं गेलं. मी रडकुंडीला आले होते आणि त्या मात्र नेहमीसारख्याच बोलत होत्या.

"चिखल काढून झालाय. रंगही देऊन घेते. तुम्ही दसऱ्यानंतर येताय ना?" मग म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट बघ. तोवर कोणी फिरकलं नाही तर घराला कुलूप लाव आणि मुंबईला चल. कोणी येईल असं दिसत नाही गं. आधी विचारून ठेवलेले सगळे नाही म्हणाले."

हे सगळं मी आईला जसंच्या तसं सांगितलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही जायचं."

"अवं पन त्याच या म्हनून राह्यल्या!"

"त्या म्हननारच. नका येऊ असं कोन म्हनते? आपल्याले समजलं पायजे. तिचं घर वाहून गेलं आन् आपन तिच्या घरी पाहुनचार खायले जायचं? समुद्र पाहायले? लाज नाही वाटत?"

वाटत होती ना. लाज वाटत होती आणि जायचंही होतं, दोन्ही एकदम. टीव्हीवर मी ती गच्चीवरची माणसं बघितली होती, आणि त्याच रात्री स्वप्नात मी लाटांत उड्या मारत होते. स्वप्नाला काय कळतं!

मग आमच्या घरात चर्चेचं गुऱ्हाळ सुरू झालं ते थेट पोळ्यापासून नवरात्रापर्यंत. मी म्हणायची, बाईंना माणसं हवीत. आई म्हणायची, माणसं नाही, उसंत हवी. बाबा म्हणायचे, "पाहू." आमच्या बाबांचं 'पाहू' हे फार मोठं आहे, त्यात एखादी विहीरसुद्धा हरवून जाईल. एकदा माझा तोल सुटला आणि मी म्हणाले, "बाबा, जायचं का नाही ते एकदाचं सांगा. बाप दाखवा नाहीतर श्राद्ध करा." बोलून गेल्यावर कळलं की समोर कोण बसलंय. आईने उलथनं उगारलं. बाबा मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. पण उत्तर 'पाहू'च होतं.

हे ठरलं ते शेतात.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सुरू करताना शेतात दहीभाताचा नैवेद्य ठेवून पूजा करतात. त्याला सीतादही म्हणतात. त्या सकाळी आईने काकरीच्या तोंडाशी हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला, पहिलं बोंड वेचून कपाळाला लावलं आणि आम्ही तिघं कमरेला ओटी बांधून आपापल्या तासाला, म्हणजे ओळीला, लागलो. कापूस त्या वर्षी बरा होता. बीटी बियाण्याची पाकिटं येऊन तोवर काही वर्षं झाली होती, आणि त्या वर्षांत आम्ही दोन्ही बघितलं होतं. पहिल्या वर्षी झाडं बोंडांनी अशी वाकली की माणसं संध्याकाळी मुद्दाम एकमेकांच्या शेतात जाऊन बघून यायची. आणि मग एक वर्ष लाल्या रोग आला. पानं बघता बघता तांबडी झाली, बोंडं हातात घेतली की पोकळ. त्या वर्षी आणि त्याच्या मागच्या-पुढच्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव टीव्हीवर येऊ लागलं, आणि येऊ नये त्याच कारणाने येऊ लागलं. गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, माणसं शेताच्या धुऱ्यावर उभी राहून वाईट तोंड करायची आणि जायची.

वेचता वेचता बाबा एकदम म्हणाले, "लाल्या आला त्या वर्षी दिवाळीले आपल्या घरी कोन आलं होतं?"

आईचा हात थांबला नाही. मला उत्तर माहीत होतं. कोणी नाही.

पुण्याला माझी मावशी असते, आईची धाकटी बहीण. ती दर दिवाळीला मुलांना घेऊन यायची. मुलं आमच्या बोलण्याला हसायची, 'मले-तुले' करून आम्हाला चिडवायची, पण चार दिवस घर कसं गजबजून जायचं. त्या वर्षी आईने नेहमीसारखा डबाभर चिवडा करून ठेवला, पाहुण्यांच्या गाद्या उन्हात टाकल्या, आणि चाचांच्या दुकानात मावशीचा फोन आला. 'टीव्हीवर बघतोय गं सगळं. तुमच्यावर यंदा आमचा भार नको. आम्ही नाही येत.' आईने गाद्या गोळा केल्या. आमच्या घरी त्या वर्षी कापूस निम्मा झाला होता, पण चार माणसांना पुरेल इतकी ज्वारी होती, चिवडा तर होताच. तो आम्ही पार मार्गशीर्षापर्यंत खात होतो. मावशी पुढच्या वर्षीही आली नाही आणि मग न येण्याचीच सवय पडली.

"तुही बहीन आली नाही," बाबा म्हणाले, "तवा तुले कसं वाटलं होतं?"

आईने दोन बोंडं वेचून ओटीत टाकली. मग मान वर न करता म्हणाली, "तिनं मले इचारलं बी नाही. आपल्याच मनानं ठरवलं, का मले भार होते म्हनून."

"आन् तू काय करून राह्यली?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हात कापसाने भरलेले होते. बाबा एवढंच बोलले आणि पुढच्या झाडाकडे गेले. ते वर्षातून दोनदा बोलतात, पण बोलतात.

तासाच्या टोकाला पोचल्यावर आईने ओटी सोडली, कापूस गाठोड्यात ओतला आणि म्हणाली, "जाऊ. पन बसायले जाऊ. हौसेले नाही."

आमच्याकडे 'बसायला जाणं' म्हणजे ज्या घरात मयत झालं त्या घरी भेटायला जाणं. त्याचे नियम लहान पोरालाही ठाऊक असतात. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून जाणाऱ्याने भाकर बांधून न्यायची. तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. भारी लुगडं नेसायचं नाही, हसायचं नाही, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही. आईने हे सगळे नियम लावले आणि वर एक तिचा स्वतःचा: समुद्राकडे जायचं नाही. "दुःखाच्या घरी जाऊन इकडे तिकडे फिरत नसतेत."

मी सगळ्याला 'हाव' म्हणाले. एकदा तिथे पोचलो की समुद्र काही उठून जाणार नव्हता. गेला तरी, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, परत येणारच होता.

मग घरात एकदम लगबग उडाली. आईने दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, कारण त्या टिकतात. ठेचा केला, शेंगदाण्याची चटणी कुटली. आणि तिला गादी सुचली. बाईंच्या गाद्या वाहून गेल्या, आणि आपल्या घरात कापूस आहे! बाबा म्हणाले, तिकडे गाद्या मिळत नसतील का? पण आईला एकदा सुचलं की सुचलं. सरकी काढून आणलेला घरचा कापूस चाचांकडे गेला. चाचांनी तो दोनदा पिंजला.

"कोकनात ओल असते, वहिनी. एक बी सरकी राह्यली तर वास मारते," ते म्हणाले. गादी भरून, टाके घालून, घडी करून त्यांनी ती प्लॅस्टिकच्या कागदात बांधली आणि मजुरीचं नाव काढू दिलं नाही. "माही दोनी पोरं बाईजवळच शिकली. त्यायले माह्या सलाम सांगजा."

तर अशी आमची वरात निघाली. गाठोडंभर दशम्या, कोकणात नेण्यासाठी एक गादी, फिक्या लुगड्यातली आई, कपाळाला आठ्या घातलेले बाबा आणि मी. मला तोंड गंभीर ठेवायची सक्त ताकीद होती. मी ते ठेवतही होते, पण ते दर थोड्या वेळाने आपोआप सुटायचं. काळीपिवळी जीपने मेहकरला, तिथून पुण्याच्या एसटीत. गादी बघून कंडक्टर म्हणाला, "पेशंट कुठे आहे?" आई म्हणाली, "पेशंट नाही, दुःखाच्या घरी चाल्लो." कंडक्टरचा चेहराच बदलला. त्याने स्वतः हात लावून गादी मागच्या सीटवर ठेवली. मागची एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून विचारायला लागली, कोण गेलं, कसं गेलं. आईला खोटं बोलता येत नाही. ती म्हणाली, "गाद्या गेल्या वो." मी खिडकीबाहेर तोंड काढून हसून घेतलं.

पुण्याला गाडी बदलायची होती. स्वारगेटच्या गर्दीत बाबा गादीवर बसून होते, शेजारीच फोनचं बूथ होतं. ते म्हणाले, "बहिनीले फोन करतं का?"

आई बूथकडे बघत राहिली. "कायले? ती कामात असन. मंग म्हनन आता ह्यायले घरी बलवा लागते. तिले काऊन भार?"

बाबांनी माझ्याकडे बघून नुसते डोळे मिटले. माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण कोकणची गाडी लागली होती.

त्या प्रवासाचं काय सांगू! घाट सुरू झाला तशी हवा ओली झाली. मी दरीकडच्या खिडकीत. एवढा हिरवा रंग एका जागी मी कधी पाहिला नव्हता, आणि आमच्याकडे ज्वारी कापायला आली की जसा सगळा मुलूख पिवळा पडतो, तसं इथे काही पडणारच नाही असं वाटत होतं. ड्रायव्हर वळण घ्यायचा आणि मी सीटवरून घसरायचे, आणि ते घसरणंही मला आवडायचं. आईचे डोळे घट्ट मिटलेले होते. घाट उतरल्यावर ती एकदम म्हणाली, "कायचा वास वो हा?" मी म्हणाले, "समुद्राचा." मला काय माहीत कशाचा, पण माझी विद्या पाजळायची हीच तर वेळ होती. बाजूचा माणूस म्हणाला, "चिखलाचा आहे. अजून सुकला नाही."

मग आम्हाला दिसायला लागलं. भिंतीभिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर एक तांबूस रेघ, दुकानांवर, शाळेवर, देवळावर, जणू कोणी गावभर दोरी धरून आखली होती. कुठे दारात वाळत घातलेली पुस्तकं, कुठे चिखलाचे ढीग. माझं आतलं नाचणं पहिल्यांदाच थांबलं, आणि आईने माझ्याकडे 'पाह्य, मी म्हनत नव्हती?' अशा डोळ्यांनी पाहिलं.

बाई दारातच उभ्या होत्या. घराला नवा पांढरा रंग दिलेला, आणि त्या रंगातून ती रेघ पुन्हा थोडी वर आलेली. त्या जरा वाळल्या होत्या, पण साडी कडक इस्त्रीची, केसांत अबोली. हातात तांब्या आणि वाटीत गूळ. "आलात!" एवढंच म्हणाल्या आणि मला जवळ घेतलं. मागच्या बाजूने सतत एक घरघर ऐकू येत होती, दूरवर मोठं जातं चालू असल्यासारखी. मी ओळखलं. समुद्र!

आईने तांब्या घेतला नाही. ती आत गेली, भिंतीला पाठ लावून खाली बसली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि गप्प राहिली. बाबा तिच्या शेजारी. नियमच असा होता म्हणून मीही. बाईंनी चहा आणला. आई म्हणाली, नको. बाईंनी विचारलं, खोली बघता का, नव्याने सारवून-रंगवून घेतली आहे. आई म्हणाली, राहू द्या. बाई आत गेल्या आणि ताटं मांडली. तांदळाच्या भाकऱ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी, खोवलेलं खोबरं. वास असा की माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. आईने शांतपणे गाठोडं सोडलं, दशम्या काढल्या आणि बाईंच्या पुढे सरकवल्या. "तुमी खा. आमी आनलं आमचं."

बाईंचा चेहरा उतरला. तसा मी तो कधी पाहिला नव्हता, वर्गात कोणाचं उत्तर चुकलं तरीही नाही.

"पाणी उकळून घेतलंय मी," त्या म्हणाल्या. "भांडी तीन-तीनदा घासली आहेत. गेल्या आठवड्यात एक कुटुंब आलं होतं. पाण्याला हात लावला नाही, खोली बघितली आणि वास येतो म्हणून गेले. तुम्हालाही..."

मला कळलं की काहीतरी भयंकर चुकतंय. तेवढ्यात बाईंची नजर आईच्या फिक्या लुगड्यावर गेली. मग दशम्यांवर, मग बाहेर ओसरीत ठेवलेल्या तांब्यावर. त्या इतकी वर्षं आमच्या गल्लीत राहिल्या होत्या. आमच्या सगळ्या मयतांना, बारशांना, लग्नांना हजर होत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि थेट आमच्या बोलीत विचारलं, "काऊन वो वहिनी? माह्या घरी कोन मेलं?"

आई दचकली. "तसं नाही, बाई. एवढं दुःख..."

"दुःख कायचं? पानी आलं, पानी गेलं. मी जित्ती हाय. तीन महिने झाले चिखल काढून राह्यली, भिंती घासून राह्यली, कायसाठी? कोनी यावं, बसावं, मले म्हनावं बाई चहा करा, बाई भूक लागली. तर आले ते नाक दाबून गेले, आन् माही मानसं आली ते माह्याच घरी मले भाकर घेऊन आली!"

हे बोलता बोलता त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसायला. आईही. बाबा उठून ओसरीत गेले आणि तांब्यातलं सगळं पाणी गटागटा पिऊन आले. तोंड पुसत म्हणाले, "बाई, मले वाढा. दशम्या खाऊन खाऊन कटाळलो."

त्या जेवणासारखं जेवण मी नंतर कधी जेवले नाही. आईने उसळ दोनदा मागून घेतली, मग तिसऱ्यांदा म्हणाली, "जराशी तिखट असती तर," आणि जीभ चावली. बाई तिच्याकडे अशा बघत होत्या की जणू जन्मात त्यांना कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. चटकन उठून ठेच्याची वाटी घेऊन आल्या.

मग समुद्र. बाई पुढे, आई मागे, सुरूच्या बनातून. मी सगळ्यांच्या पुढे धावले आणि वाळूत पाय रुतून सपशेल पडले. डोकं वर केलं तर समोर तो. माझी सगळी पाठ केलेली विद्या एका क्षणात कुठे गेली कोण जाणे. मी नुसती ओरडले, शब्द काही नव्हताच त्यात.

आईने पायताण काढून हातात घेतलं, काठावर आली आणि पाण्याला वाकून नमस्कार केला. मग कोरड्या वाळूत फतकल मारून बसली. म्हणाली, "आता हे मांग कवा जाते?"

"लागेलच ओहोटी," बाई म्हणाल्या.

"मंग मी बसते."

आणि बसली. मी आणि बाबा पाण्यात शिरलो, भिजलो, बाबांची टोपी वाहून गेली आणि त्यांनी तिच्यामागे धावताना कुमार वयातल्या पोरासारखी आरोळी ठोकली. आई हलली नाही. बाईही तिच्याजवळ बसून राहिल्या. आईने एक शिंपला पाण्याच्या कडेला खोचून ठेवला होता, खूण म्हणून. ऊन कललं, पाणी हळूहळू त्या शिंपल्यापासून सुटलं, लांब झालं, ओली वाळू चमकायला लागली. आई उठून त्या शिंपल्याशी गेली, तिथून पाण्यापर्यंतचं अंतर तिने डोळ्यांनी मोजलं आणि बाईंकडे वळली.

"गेलं वो बाई. खरंच मांग गेलं."

"मी काय इतकी वर्षं खोटं बोलत होते?"

आईच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा एका लहान मुलीचा आनंद बघितला. मला इतकं भरून आलं की मी पुन्हा पाण्यात पळाले.

घरी येताना नाक्यावर फोनचं बूथ लागलं. आई तिथे थांबली. अंगावर वाळू, लुगड्याचा काठ ओला. तिने माझ्याकडून मावशीचा नंबर लावून घेतला आणि काचेचं दार उघडंच ठेवून बोलायला लागली, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मी बोलते. हाव, मीच. कोकनातून बोलते, समुद्राजवळून. कोनी नाही वं गेलं, सगळे बरे हायेत. ऐक. ह्या दिवाळीले ये. कापूस येवो नाही तर नाही येवो, तू ये. तुह्यानं मले भार होत नाही. तू नाही आली का मंग होते." मग लगेच म्हणाली, "आन् अथी बाईच्या दोन खोल्या हायेत, चांगल्या, नव्या रंगाच्या. तुह्या पुन्याच्या लोकायले सांग. उसळ करते त्या, फस्त क्लास."

बाईंनी तोंड फिरवलं. त्या दिवाळीच्या सुट्टीत मावशीच्या कॉलनीतली दोन कुटुंबं बाईंकडे उतरली, मग त्यांच्या ओळखीतली आणखी कोणी, आणि घराला कुलूप लागलं नाही. चाचांच्या गादीवर कोण कोण झोपलं असेल देव जाणे. पण हे नंतरचं. त्या संध्याकाळी आई रिसीव्हर कानाला लावून उभी होती. मग आईने मान हलवली, ऐकलं, आणि फोन ठेवून बाहेर आली.

"काय म्हने?" बाबांनी विचारलं.

आईचे डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"म्हने, चिवडा तिखट कर. मागच्या खेपेस मिळमिळीत झालता."